अठराचा स्क्रू

मी डॉक्टर नाही.
मी डबा घेऊन येतो,
धंतोलीच्या बोळातून, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून.
मे महिना सीटवर आधीच बसलेला असतो.
डब्यात मनगटाच्या पट्ट्या,
डाव्याच्या वेगळ्या, उजव्याच्या वेगळ्या,
एका टोकाला रुंद, लहानशा उलथन्यासारख्या.
स्क्रू आपापल्या खळग्यांत, नंबरवार.

आज टेबलावर उजवा हात.
देवकाबाई खोब्रागडे, वय सत्तावन्न,
कुलरमधून सांडलेल्या पाण्यावर घसरली.
पडताना माणूस हात पुढे करतो.
जमीन आधी तो हात घेते.

एक्स-रे बघून डॉक्टर पिंपळापुरे शिकाऊ पोराला म्हणाले,
बघ, जेवणाच्या काट्यासारखा वाकलाय.
भूल फक्त हाताला होती.
पडद्याआडून आवाज आला,
‘काटा कायचा जी?
आमच्या घरी चमचे बी मोजून चार हायेत.’

तेव्हा मी तिला ओळखलं.

गड्डीगोदामच्या पुलाजवळ, रात्री नऊनंतर,
चुलीवर उपडा माठ.
तीन वर्षं मी तिच्या हातची लांब रोटी खातोय
आणि चेहरा धड आठवत नाही.
हात आठवतात.
फटकारून फटकारून सैल केलेली कणीक
तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत
उतरत जाते,
पलीकडचा दिवा दिसेल इतकी पातळ,
आणि एका झोक्यात माठावर.

तेच मनगट आता आयोडीननं तपकिरी.
कातडी उघडली.
आडवा स्नायू अलगद बाजूला सारला,
पोळपाटावरून पोळी उचलावी तसा.
खाली हाड.
सांध्याजवळचे दोन तुकडे
बत्ताशासारखे, दाबलं की भुगा होतील असे.
डॉक्टरांनी बोटं ओढून धरली,
तुकडे कुरकुरत जागेवर गेले,
वर पट्टी बसली.
सी-आर्मच्या पडद्यावर राखाडी मनगट
आणि त्यात माझं काळं स्टील.

ड्रिल थांबलं की बाई बोलायची.
‘प्रणिता, पीठ भिजवलं का वो?’
प्रणिता बाहेर बाकावर.
तिला कुणी विचारलं नाही.

शेवटच्या भोकाची खोली मोजली.
वीस.
सिस्टरचा चिमटा विसाच्या खळग्याकडे वळला.
मला कशाला हात लावायची परवानगी नाही.
मी भिंतीशी, शिशाच्या एप्रनमध्ये, घामानं भिजलेला.
मला फक्त बोलता येतं, तेही विचारल्यावर.
‘सर, अठराचा घ्या.’

दोन मिलिमीटर जास्त म्हणजे
हाडाच्या पाठीमागून टोक बाहेर.
त्या टोकावर अंगठ्याची शीर घासत राहते,
विहिरीच्या काठावर दोर घासतो तशी,
आणि कधीतरी सकाळी, चहाचा कप उचलताना, तुटते.
अंगठा नसेल तर माठावरची रोटी सोडवता येत नाही.
हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

डॉक्टरांनी मास्कवरून माझ्याकडे पाहिलं.
एसीचा आवाज ऐकू येईल एवढा वेळ.
‘अठरा,’ ते सिस्टरला म्हणाले.
कदाचित तेही तेच म्हणणार होते.

संध्याकाळी डबा बंद केला.
आठ खळगे रिकामे.
गोडाऊनमध्ये सही करून ते भरून घेतले,
कुणाचं मनगट, ते रजिस्टरमध्ये लिहायला रकाना नाही.

पोळ्याच्या आदल्या रात्री चूल पुन्हा पेटलेली दिसली.
प्रणिता कणीक फटकारत होती,
बाई शेजारी पाटावर.
‘तूच ना जी तो खिळेवाला?’
मनगट वळवून दाखवलं. पुरतं वळत नाही.
‘एवढं बाकी हाये,’ ती म्हणाली,
दुकानदारानं उधारी सांगावी तसं.
‘कितीचा होता माहा खिळा?’
‘अठराचा.’
‘अठरा हजार!’
मी मिलिमीटर समजावून सांगितले.
तिला पटलं असं वाटलं नाही.

मग ती उठली, पोरीला म्हणाली, सरक.
कणीक हातावर घेतली, मनगटापाशी अडखळली,
कोपराकडे गेलीच नाही.
रोटी फाटली.
फाटलेलीच तिनं माठावर टाकली, भाजली,
माझ्या ताटात वाढली
आणि पैसे पुरे घेतले.

सावजीचा रस्सा भोकातून गळत होता.
मी बोटानं पुसून घेतला.